नणंदेचा नवरा तुरुंगात आहे; तिला मदत करायची ती अट घालून का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात : पत्र लिहिणाऱ्या बाई तालुक्याच्या गावी राहतात, वय चाळिशीच्या आसपास. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. त्यांच्या नणंदेचा नवरा आठ महिन्यांपासून कच्चा कैदी म्हणून तुरुंगात आहे. सरकारी नोकरी लावून देतो असं सांगून बऱ्याच जणांकडून पैसे घेतल्याचा त्याच्यावर आरोप आहे, आणि फसलेल्यांत दोघे बाईंच्या माहेरचेच आहेत. आरोपपत्र दाखल झालंय, जामीन एकदा फेटाळला गेलाय. नणंद सहावीतला मुलगा आणि चार वर्षांची मुलगी घेऊन भाड्याच्या एका खोलीत राहते, ब्लाउज शिवते. मुलांना सांगितलंय की बाबा गुजरातला कंपनीत कामाला गेलेत. बाईंच्या यजमानांनी बहिणीला निरोप दिलाय, "आधी त्याच्याशी संबंध तोड, घटस्फोटाचा अर्ज टाक, मग तुला आणि पोरांना जन्मभर सांभाळतो. नाहीतर माझ्या दारात येऊ नकोस." नणंद मात्र दर आठवड्याला तुरुंगात मुलाखतीला, म्हणजे नवऱ्याला भेटायला, जाते. बाई यजमानांना न सांगता तिला महिन्याला तीन हजार रुपये देतात. त्या विचारतात, "मी करते ते चूक आहे का? माहेरचे म्हणतात, तिला मदत म्हणजे त्याच्या पापात वाटा. तिला समजवायचं कसं? आणि पोराला काय सांगायचं?"

वहिनी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. 'तिला समजवायचं कसं' हा प्रश्न त्यात तीन ठिकाणी आलाय. 'तिला विचारायचं काय' हा एकदाही आलेला नाही. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

तुम्हा सगळ्यांचा मनाशी एक हिशेब झालेला दिसतो : नणंद नवऱ्याला भेटायला जाते, म्हणजे त्यानं केलं ते तिला पटतं. पण आठवड्याला गेटवर उभं राहणं म्हणजे काय, हे एकदा तिच्याबरोबर जाऊन बघा. सकाळच्या पहिल्या एसटीनं जायचं. आधार कार्ड दाखवून नाव नोंदवायचं, पिशवी आणि मोबाईल बाहेर ठेवायचा, आणि नंबर लागेपर्यंत पोरगी कडेवर घेऊन थांबायचं. आत गेल्यावर मध्ये जाळी किंवा काच. शेजारी दहा जण एकाच वेळी बोलतायत, त्यामुळे ओरडून बोलायचं. मोजकी मिनिटं मिळतात. त्यातली निम्मी 'वकील काय म्हणाला', 'तारीख कधीय', 'मनीऑर्डर मिळाली का' यात जातात. 'तुम्ही खरंच पैसे घेतले होते का' हा प्रश्न शेजारी दहा जण असताना, ओरडून, कोण विचारेल? कदाचित तिलाही अजून नीट माहीत नसेल. कदाचित ती दर आठवड्याला तेच विचारायला जात असेल आणि न विचारता परत येत असेल.

माणूस हयात आहे आणि नाहीही. पॉलीन बॉस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९७०च्या दशकापासून अशाच हरवण्यावर काम केलं : बेपत्ता सैनिकांच्या बायका, स्मृती गेलेल्या माणसांची घरं. अशा ठिकाणी शोकाला शेवट नसतो, म्हणून घरची माणसं अडकून पडतात, आणि बाहेरच्यांना तो त्यांचा हट्ट वाटतो, असं त्यांचं निरीक्षण. तुमची नणंद आज त्याच जागी आहे. नवरा मेला असता तर लोक भेटायला आले असते. सोडून गेला असता तर हळहळले असते. तुरुंगात गेला, म्हणून हळदीकुंकवाचं बोलावणंही थांबलं असेल.

आता 'पापात वाटा' या बोलण्याकडे येते. तो कच्चा कैदी आहे, म्हणजे त्याचा गुन्हा अजून शाबीत व्हायचाय. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२च्या आकडेवारीत देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक माणसं होती आणि त्यातली ४ लाख ३४ हजारांवर कच्चे कैदी होते. चारातले तीन. यावरून तो निर्दोष ठरत नाही. तुमच्या माहेरच्या दोघांचे पैसे गेलेत हेही तितकंच खरं, आणि त्यांचा राग रास्त आहे. पण उद्या शिक्षा झाली तरी ती त्याला होईल. सहावीतल्या मुलाची फी थकवून तुमच्या माहेरचा एक रुपयाही वसूल होणार नाही. नणंदेला मदत करायला तिच्या नवऱ्याबद्दलचा निकाल तुमच्या खिशात असावा लागत नाही. माहेरी एवढंच सांगा, "तुमचं नुकसान झालंय, मला मान्य आहे. मी त्याची बाजू घेऊन आलेली नाही. मी दोन पोरांचं बघते."

एक गोष्ट मात्र चुकूनही करू नका, आणि नणंदेलाही करू देऊ नका. माहेरच्या त्या दोघांना किंवा इतर कुणा तक्रारदाराला 'केस मागे घ्या' म्हणून गळ घालू नका. साक्षीदारांवर दबाव आणला असा त्याचा अर्थ निघाला तर पुढचा जामीनही हातचा जातो. पैसे परत करून तडजोड करायची असेल तर फसवणुकीच्या गुन्ह्यात कोर्टाच्या परवानगीनं ती होऊ शकते, पण ती वकिलामार्फत आणि लेखी. दारात येऊन तगादा लावणाऱ्याला 'देऊ हो दोन महिन्यांत' असं नणंदेनं रडत म्हणणं, ही तडजोड नव्हे. ते पैसे तिनं घेतलेले नाहीत. तिनं कुठल्याही कागदावर सही करू नये. कोणी धमकावलं तर पोलिसांत तक्रार करायचा हक्क तिलाही आहे. नवरा आरोपी आहे म्हणून तो जात नाही.

तुमच्या यजमानांबद्दल जरा हळू बोलते, कारण त्यांची बाजू मी फक्त तुमच्या शब्दांत ऐकलीय. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की हे स्थळ त्यांनीच आणलं होतं. मला वाटतं त्यांचा निम्मा राग मेव्हण्यावर आहे आणि निम्मा स्वतःवर. बहिणीनं घटस्फोट घेतला की आपली चूक पुसली जाईल, असं काहीसं मनात असावं. माझा अंदाज चुकीचाही असेल. पण त्यांनी घातलेली अट बघा : जिच्याकडे पुरेसं उत्पन्न नाही, स्वतःचं घर नाही, अशा बाईला आपण सांगतोय की आयुष्याचा सगळ्यात मोठा निर्णय आत्ता घे, तर जेवायला घालतो. अशा वेळी तिनं 'हो' म्हटलं तरी तो तिचा निर्णय नसेल, आणि 'नाही' म्हटलं तर पोरं उपाशी.

शिवाय 'घटस्फोटाचा अर्ज टाक' हे बोलायला जितकं सोपं तितकं करायला नाही. नवरा तुरुंगात आहे एवढ्यावर हिंदू विवाह कायद्यात घटस्फोट मिळत नाही. तसं थेट कारण त्यात नाही. विशेष विवाह कायद्यात आहे, पण तिथेही सात वर्षं किंवा जास्त शिक्षा भोगत असेल तर. परस्पर संमतीनं घ्यायचा तर नवऱ्याचीही संमती हवी. क्रूरतेसारखी दुसरी कारणं असतील तर गोष्ट वेगळी. म्हणून वहिनी, एकदा तरी तिला एकटीला विचारा : तो घरी असताना तुला मारायचा का, पैसे काढून घ्यायचा का, तुला त्याची भीती वाटायची का? तुरुंगातल्या नवऱ्याला सोडावं की नाही, यात माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठा प्रश्न तो आहे. लोक काय म्हणतात हा नव्हे. उत्तर 'हो' असेल तर तिच्या वेगळं होण्यामागे ठाम उभं राहा. 'नाही' असेल तर तिला वेळ द्या. खटला संपल्यावर तिचं मन काय सांगेल, ते आज तिलाही ठाऊक नाही.

तीन हजारांचं लपवणं थांबवा. पैसे थांबवू नका, लपवणं थांबवा. ते कधीतरी उघडं पडेलच, आणि त्या दिवशी भांडण 'बायको माझ्याशी खोटं बोलली' यावर होईल. नणंद आणि पोरं बाजूला राहतील. यजमानांना सांगा : मी पोरांच्या शाळेचं आणि खोलीभाड्याचं बघणार आहे, त्याच्या वकिलाचं नाही. अशी रेघ आखली की त्यांनाही हो म्हणायला वाट मिळते. तुमच्यासारख्या घरांना मी हेच सांगत असते की मदतीला हद्द असू द्या, अट नको. 'एवढं जमेल, एवढं नाही' ही हद्द झाली. 'असं वागलीस तर देईन' ही अट झाली. आणि जमलं तर पैसे थेट भाडं आणि फीत भरा, म्हणजे तिला दर महिन्याला हात पसरावा लागणार नाही.

वकिलाच्या खर्चाचं ओझं तुमच्यावर यायचं कारणही नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७चा आहे. त्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे कोठडीत असलेली व्यक्ती, तसंच कुठलीही स्त्री किंवा मूल, यांना मोफत वकील मिळतो, आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. म्हणजे तो हक्क त्याला आहे, आणि तिच्या स्वतःच्या कामासाठी तिलाही आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. बऱ्याच जिल्ह्यांत आता फौजदारी बचावासाठी लोक अभिरक्षक कार्यालयही आहे. १५१०० हा टोल फ्री नंबर आहे. सरकारी वकील आणि मोफत वकील यांत लोक गल्लत करतात. सरकारी वकील फिर्यादीच्या बाजूनं लढतो, हा तुमच्या बाजूनं. 'फुकटचा वकील काय लढणार' असं गावात म्हणतील. कधी ते खरं ठरतं, पण दागिने मोडून लावलेले वकीलही तारखेला गैरहजर राहिलेले आहेत.

वकील कुणीही असो, नणंदेला एक फाईल करून द्या. एफआयआरची प्रत, आरोपपत्राची प्रत, जामीन फेटाळल्याचा आदेश, वकिलाचं नाव आणि नंबर, आणि खटल्याचा सोळा आकडी-अक्षरी सीएनआर नंबर. हा नंबर ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख कधी, मागच्या तारखेला काय झालं, हे मोबाईलवर दिसतं. आत्तापर्यंत ती हे सगळं वकिलाच्या कारकुनाला विचारत असणार, आणि तो फोन उचलत नसणार.

फाईल झाली की वकिलाला एक नेमकं विचारायला सांगा : भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ लागू होतं का? याआधी कधीच शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्यानं त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला जामिनावर सोडावं असं ते कलम म्हणतं; इतरांसाठी निम्मा काळ. सात वर्षांचा गुन्हा असेल तर एक तृतीयांश म्हणजे दोन वर्षं चार महिने. ज्यात जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते असं कलम लागलेलं असेल, किंवा एकापेक्षा जास्त केसेस चालू असतील, तर मात्र हा रस्ता बंद होतो. तुमच्याकडे तक्रारदार बरेच आहेत, म्हणून एफआयआर एकच आहे की अनेक, हे आधी बघा. आणि खालच्या कोर्टानं एकदा नाकारलं म्हणजे संपलं, असंही नाही. सत्र न्यायालय आहे, उच्च न्यायालय आहे.

जामीन झाला की जामीनदार शोधायची वेळ येते, आणि तेव्हा सगळे तुमच्या यजमानांकडे बघतील. जामीनदार राहणं म्हणजे नुसती सही नव्हे. आरोपी तारखेला हजर राहिला नाही, पळाला, तर बंधपत्राची रक्कम तुमच्याकडून वसूल होऊ शकते. भीड पडली म्हणून कुणी जामीनदार होऊ नये. नाही म्हणायचं असेल तर आजच सांगून ठेवा, आदेश झाल्यावर नको. १९७८ साली एका गवंड्याला दहा हजारांचा जामीन सांगितला गेला आणि त्याच्या भावाचा जामीन 'दुसऱ्या जिल्ह्यातला' म्हणून नाकारला गेला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा न्या. कृष्ण अय्यर यांनी दोन्ही गोष्टींवर कडक ताशेरे ओढले. तरी आजही जामीन मिळालेली माणसं पैशाअभावी आत बसून राहतात. त्यांच्यासाठी केंद्राची २०२३ची गरीब कैदी सहाय्य योजना आहे. कच्च्या कैद्याला जामिनाच्या रकमेसाठी ४० हजारांपर्यंत मदत मिळण्याची तिच्यात सोय केली गेली. काही गंभीर कायद्यांखालचे गुन्हे वगळलेत. चौकशी तुरुंग अधीक्षक किंवा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायची.

आता मुलगा.

सहावीतल्या पोराला गुजरातची गोष्ट पटलेली असेल असं तुम्हाला खरंच वाटतं? दारात लोक पैसे मागायला येतात, आई दर आठवड्याला सकाळी पिशवी घेऊन जाते आणि डोळे सुजवून येते, आणि गुजरातला गेलेला बाप आठ महिन्यांत एकदाही व्हिडिओ कॉल करत नाही. त्याला बहुतेक कळलंय. तो विचारत नाही, कारण विचारलं तर आई रडेल. हे वय असं असतं की घरात गप्प गप्प असलं तर मूल समजतं, यात माझंच काहीतरी चुकलं. शाळेत कुणी तोंडावर म्हटलं, तर आपल्याशी खोटं बोलली ती आई, हेही त्याला त्याच दिवशी कळेल. तुम्ही आणि नणंदेनं त्याआधी सांगितलेलं बरं.

सांगायला आई हवी. तुम्ही शेजारी बसा, पण शब्द तिचे असू देत. फार मोठं भाषण नको. "बाबा गुजरातला नाहीत. तुझ्याशी खोटं बोलले, कारण मला भीती वाटत होती. बाबांनी लोकांकडून नोकरीसाठी पैसे घेतले आणि नोकरी दिली नाही, असा त्यांच्यावर आरोप आहे. खरं काय ते कोर्ट ठरवेल. तोवर ते तुरुंगात आहेत. त्यांना जेवण मिळतं, झोपायला जागा आहे, मी त्यांना भेटते. यात तुझी काहीच चूक नाही. तुला त्यांचा राग आला तरी चालेल, आठवण आली तरी चालेल." 'बाबांना उगाच अडकवलंय' असं सांगू नका, उद्या शिक्षा झाली तर दुसऱ्यांदा खोटं ठराल. 'तुझा बाप चोर' हे तर कुणीच, रागाच्या भरातही, त्याच्यासमोर म्हणायचं नाही. मामांनीही नाही. चार वर्षांच्या मुलीला एवढंच पुरे : बाबा एका लांबच्या घरात आहेत, त्यांना यायला परवानगी नाही, पण त्यांना तू आठवतेस.

शाळेत कुणी छेडलं तर म्हणायला त्याला एक वाक्य तयार करून द्या. "मला त्यावर बोलायचं नाही," एवढं. वर्गशिक्षकांना नणंदेनं स्वतः भेटून सांगितलेलं चांगलं, म्हणजे पोराचं लक्ष उडालं किंवा हात उचलला तर त्यांना कारण माहीत असेल. खोली बदलून शाळा बदलायची वेळ आली, तर दाखला मिळायला उशीर झाला म्हणून चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे.

त्याला बापाला भेटायला न्यायचं का? त्यानं मागितलं तर न्या. मागत नसेल तर ओढत नेऊ नका. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात मुलाला दुरावलेल्या आईबापाशी संपर्क ठेवण्याचा हक्क दिलाय, आणि भारतानं तो १९९२ साली मान्य केलाय. हक्क मुलाचा आहे; बापाला बरं वाटावं म्हणून न्यायचं नसतं. नेण्याआधी सांगून ठेवा की जाळी असेल, पोलीस असतील, बाबा कदाचित बारीक झालेले दिसतील. पहिल्यांदा ई-मुलाखत बरी पडते. राष्ट्रीय कारागृह पोर्टलवर नोंदणी करून व्हिडिओवर भेट होते, प्रवासाचा खर्चही वाचतो. नाहीतर पत्र. पोरं पत्रात असं काही लिहितात जे जाळीसमोर त्यांच्या तोंडून निघत नाही. राज्यातल्या काही कारागृहांत 'गळाभेट' नावाचा कार्यक्रम होतो, त्यात मुलांना मध्ये जाळी नसताना वडिलांना भेटता येतं. तो मुख्यतः शिक्षा झालेल्या बंद्यांसाठी असतो, तरी विचारून ठेवायला हरकत नाही.

पैशाचा एक रस्ता बऱ्याच जणांना माहीत नसतो. महाराष्ट्र शासनाच्या बाल संगोपन योजनेत संकटातल्या कुटुंबांतल्या मुलांना दरमहा २,२५० रुपये मिळतात, आणि पालक तुरुंगात असलेली मुलंही तिच्यात बसू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात करायचा. हेलपाटे पडतील, हेलपाट्यांना तुम्ही सोबत गेलात तर तुमच्या तीन हजारांपेक्षा ती मदत मोठी ठरेल. नवऱ्याच्या नावावरचं बँक खातं, गॅस कनेक्शन, गाडीचा हप्ता अशी कामं अडली असतील तर वकिलामार्फत अर्ज करून तुरुंग अधीक्षकांसमोर कुलमुखत्यारपत्रावर त्याची सही घेता येते. मुंबई-ठाण्याकडच्या वाचकांसाठी : टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून कैदी आणि त्यांच्या घरच्यांसाठी काम करतोय.

राहता राहिला तुमच्या घरातला दरवाजा. यजमानांना एकदम बहिणीला घरी आणा म्हणू नका. भाच्याला रविवारी जेवायला आणा म्हणा. मेव्हण्याचं नाव त्या दिवशी कुणी काढायचं नाही, बाजूनंही नाही आणि विरुद्धही नाही. मग राखीपौर्णिमा येईल, तिला बोलवायचं की नाही ते तेव्हा त्यांनाच ठरवू द्या.

आणि एक गोष्ट जामीन व्हायच्या आत बोलून घ्या, कारण तो झाला की संध्याकाळी माणूस गेटबाहेर उभा असतो आणि मग कुणालाच सुचत नाही : तो कुठे राहणार? नणंदेला तो त्या खोलीत हवाय का? तक्रारदार त्याच गावात आहेत, तर जामिनाच्या अटीत गावबंदी असेल का? गावी तिच्या सासूबाईंकडे सोय होईल का? हे नणंदेला विचारा, वकिलाला विचारा, आणि उत्तर आलं की सासूबाईंना एक फोन करा.